अचूक बोटे, चुकलेले सूर

पाश्चात्त्य अभिजात संगीतात पियानोवादकांविषयी एक वाद गेली जवळजवळ दोनशे वर्षे चालत आलेला आहे आणि त्याची मांडणी बहुधा एकाच पद्धतीने केली जाते. एकीकडे वादकाचे तंत्र, म्हणजे वेग, अचूकता, ताकद आणि दमसास. दुसरीकडे त्याची अभिव्यक्ती, म्हणजे त्या सुरांतून ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचणारा भाव. ज्याची बोटे विलक्षण चालतात त्याचे वादन कोरडे असते आणि ज्याचे वादन हृदयाला भिडते त्याच्या चार चुका पोटात घालाव्यात, अशी एक ढोबळ समजूत या वादामागे असते. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्यांनाही ‘गवई तयार आहे, पण गाण्यात रंग नाही’ हा अभिप्राय नवा नाही, त्यामुळे ही विभागणी आपल्याकडे सहज पटते. मात्र पियानो हे वाद्य आतून कसे चालते हे एकदा लक्षात घेतले, की तंत्र आणि अभिव्यक्ती यांना अशा दोन गटांत उभे करणे अवघड होऊन बसते, आणि मग हा वाद इतका चिवट का ठरला याची कारणे दुसरीकडे शोधावी लागतात.

फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने १७०० च्या सुमारास हे वाद्य प्रथम घडवले. त्याच्या शोधाचा गाभा आजच्या पियानोतही कायम आहे. पट्टी दाबली की तरफांच्या साखळीतून एक हातोडी वर उचलली जाते. परंतु तारेवर आदळण्याच्या किंचित आधी ती यंत्रणेपासून सुटते आणि उरलेले अंतर केवळ मिळालेल्या गतीवर कापते. ती तशी सुटली नसती तर तारेला चिकटून राहिली असती आणि तारेचे कंपन जागच्या जागी दबले असते. पण या सुटकेची किंमत वादकाला मोजावी लागते, कारण सूर उमटण्यापूर्वीच त्याचा त्या सुरावरचा ताबा संपलेला असतो. उमटलेला सूर त्या क्षणापासून फक्त विरत जातो. हार्मोनियमवर मींड निघत नाही ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे, परंतु हार्मोनियमवादकाला भात्याच्या दाबाने चालू सूर निदान फुगवता किंवा ओसरवता येतो. पियानोवादकाला तेवढीही मुभा नाही. पट्टी केव्हा दाबायची, किती वेगाने दाबायची, केव्हा सोडायची आणि पायाखालची पेडल कशी वापरायची, एवढ्याच गोष्टी त्याच्या हाती उरतात. ही पेडल दाबली की तारांवर टेकलेल्या, कंप थांबवणाऱ्या गाद्या वर उचलल्या जातात, त्यामुळे बोट निघाल्यावरही सूर रेंगाळतो आणि निरनिराळे सूर एकमेकांत मिसळतात.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील पीबॉडी संगीतशाळेत काम करणाऱ्या ओटो ऑर्टमान यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वादकाच्या या मर्यादित ताब्याचा मुद्दा प्रयोगांच्या आधारे मांडला, तेव्हा तो अनेक वादकांना रुचला नाही. ‘स्पर्शातली ऊब’, ‘गाणारे बोट’ असे शब्द वापरून शिक्षकांच्या पिढ्याच्या पिढ्या शिकवत आल्या होत्या, आणि इथे तर एका सुट्या सुराच्या बाबतीत हातोडीच्या वेगाखेरीज जवळपास काहीच शिल्लक राहत नव्हते. पट्टीवर बोट आपटण्याचा बारीक आवाज सुरात मिसळतो आणि तज्ज्ञ कानाला तो जाणवू शकतो, अशी भर पुढच्या संशोधनाने घातली, परंतु मूळ निष्कर्ष बदलला नाही. मात्र त्या शिक्षकांचे शब्द खोटे ठरले असे समजण्याचे कारण नाही. ते शब्द एका सुराविषयी नव्हतेच. एका सुरामागून दुसरा सूर कसा यावा आणि एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांपैकी कोणता किती पुढे असावा, याविषयी ते होते.

फ्रेडेरिक शोपँ याच्या दहाव्या क्रमांकाच्या संग्रहातील तिसरी एत्यूद या दृष्टीने जवळून पाहण्यासारखी आहे. एत्यूद म्हणजे तंत्रातील एखादी विशिष्ट अडचण समोर ठेवून रचलेली अभ्यासरचना. ही रचना संथ आहे, तिची चाल अतिशय गेय आहे, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तिच्यात कसली अडचण आहे हे कळतही नाही. अडचण अशी, की ती चाल उजव्या हाताच्या बाहेरच्या, म्हणजे स्वभावतः दुबळ्या बोटांकडे आहे आणि त्याच हाताच्या आतल्या बोटांना त्याच वेळी साथीचे सूर सतत वाजवायचे आहेत. चालीचा सूर ठसठशीत आणि त्याच्या शेजारचा सूर कुजबुजता, असे दोन वेगळे दाब एकाच तळहातातून काढता आले तरच ऐकणाऱ्याला कोणीतरी गात असल्याचा भास होतो. व्हिएन्नातील संशोधक वेर्नर गेबल यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुशल वादकांकडून ही एत्यूद संगणक जोडलेल्या पियानोवर वाजवून घेतली, तेव्हा चालीचा सूर साथीच्या सुरापेक्षा सेकंदाच्या सुमारे तीन शतांश भागाने आधी उमटत असल्याचे दिसले. वादक चालीला उठाव देण्यासाठी ती मुद्दाम किंचित आधी वाजवतात असे पूर्वी मानले जात असे. गेबल यांच्या मोजमापात मात्र बोटे पट्ट्यांना जवळपास एकाच वेळी स्पर्श करत होती. जोरात दाबलेल्या पट्टीची हातोडी वेगाने निघून तारेपर्यंत आधी पोहोचत होती, एवढेच. ज्याला श्रोता गायकी म्हणतो, ती या ठिकाणी बोटांच्या दाबातील अत्यंत बारीक फरकातून आपोआप निर्माण झालेली आहे, आणि तो फरक शेकडो सुरांवर सांभाळणे हे कोणत्याही वेगवान तानेइतकेच कठीण तंत्र आहे.

काळाच्या वापराबाबतही हेच म्हणता येते. ‘रुबातो’ म्हणजे लय न मोडता तिच्यातल्या तिच्यात केलेली ओढाताण. एखादा सूर रेंगाळवायचा आणि पुढचे सूर थोडे लगबगीने आणायचे. शोपँच्या शिष्यांच्या आठवणींनुसार तो डाव्या हाताला लय राखायला सांगत असे आणि उजव्या हाताला मोकळीक देत असे. दोन हातांनी दोन निरनिराळ्या काळांत वावरायचे आणि तरीही एकमेकांना सोडायचे नाही, हे केवळ भावना उत्कट असल्याने साधत नाही. मोठ्या रचनेच्या पातळीवर सर्गेई रखमानिनफ याची समजूत याच जातीची होती. प्रत्येक रचनेत एक परमोच्च बिंदू असतो, सर्व सुरांची चढण त्या एका जागेकडे नेमक्या मापाने जायला हवी आणि ती जागा हुकली तर सारे वादन कोसळते, असे त्याचे मत त्याच्या निकटवर्तीयांनी नोंदवून ठेवले आहे. ज्याच्या बोटांविषयी कोणी कधी शंका घेतली नाही अशा या वादकाला मैफलीनंतर खंत वाटे ती त्या हुकलेल्या जागेची.

मग तंत्र आणि अभिव्यक्ती वेगळी पडली कशी? त्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये सापडते. सेबास्तियाँ एरार याच्या १८२१ मध्ये पेटंट मिळालेल्या यंत्रणेमुळे पट्टी पूर्ण वर येण्याची वाट न पाहता तोच सूर पुन्हा वाजवता येऊ लागला. पुढे लोखंडी चौकटीमुळे तारांचा ताण आणि वाद्याचा आवाजही वाढला. या नव्या वाद्यावर काय काय करता येईल हे पाहण्याची ओढ स्वाभाविक होती. बेटोफेनचा शिष्य कार्ल चेर्नी याने बोटांच्या व्यायामाचे संग्रहच्या संग्रह लिहिले. त्याचा शिष्य फ्रान्झ लिस्ट याने १८३२ मध्ये पॅरिसमध्ये पागानिनीचे व्हायोलिन ऐकले आणि तसाच पराक्रम पियानोवर करण्याचा ध्यास घेतला. ३१ मार्च १८३७ रोजी प्रिन्सेस बेल्जोयोझो हिच्या दिवाणखान्यात लिस्ट आणि सिगिसमुंड टालबर्ग हे दोघे प्रतिस्पर्धी एकाच कार्यक्रमात वाजवायला बसले. चाल मधल्या सप्तकात दोन अंगठ्यांनी आळीपाळीने वाजवायची, पेडलने ती सलग धरून ठेवायची आणि भोवती दोन्ही हातांनी सुरांच्या लडी उधळायच्या, ही टालबर्गची खासियत होती. ऐकणाऱ्यांना तीन हात वाजवत असल्यासारखे वाटे. तो काळ कसरतीच्या कौतुकाचा होता, आणि क्लारा शूमानसारख्या वादिकेने संगीतकाराच्या रचनेशी इमान राखणे हेच वादकाचे काम मानले, ते बऱ्याच अंशी या कौतुकाला विरोध म्हणून. तेव्हापासून ‘व्हर्चुओसो’, म्हणजे वाद्यावर असामान्य प्रभुत्व असलेला कलाकार, या शब्दाला एक संशयाची छटा येऊन चिकटली.

तो संशय लिस्टच्या बाबतीत अन्यायाचा आहे. त्याने १२ एत्यूद तीनदा लिहिल्या: पंधरा वर्षांचा असताना साध्या, १८३७ मध्ये जवळजवळ अशक्यप्राय आणि १८५२ मध्ये पुन्हा एकदा, त्या अशक्यप्राय लेखनातील बरेच ओझे उतरवून. १८४७ मध्ये व्यावसायिक मैफली सोडल्यानंतर, कोणाला दिपवण्याची गरज उरली नसताना, त्याने सुरांची गर्दी कमी केली आणि संगीत अधिक स्पष्ट केले. ‘फ फोले’ ही त्यांपैकी पाचवी एत्यूद, दलदलीवर चमकणाऱ्या भुताटकीच्या दिव्यांच्या नावाची, आजही वादकांना धडकी भरवते. उजव्या हातात एकाच वेळी दोन-दोन सूर अतिशय वेगाने धावतात, आणि ते जवळपास सतत अगदी हलक्या आवाजात धावले पाहिजेत. जोर लावला तर ती वाजवणे सोपे होते. पण मग ते दिवे राहत नाहीत.

शोपँने हीच गोष्ट आणखी कडेकोट बांधली. त्याच्या दहाव्या क्रमांकाच्या त्याच संग्रहातील दुसऱ्या एत्यूदमध्ये बारा स्वरांची सरळ मालिका वरखाली जाते. एरवी अशी मालिका अंगठा खालून सरकवत वाजवतात. इथे अंगठा आणि तर्जनी छोटे स्वरसंघात वाजवण्यात अडकलेली असल्यामुळे मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांना एकमेकांवरून ओलांडत ती पार करावी लागते, आणि तीही सलग, सुरांत फट न पडू देता. शोपँने जवळपास प्रत्येक सुरावर कोणते बोट वापरायचे हे स्वतः लिहून ठेवले आहे. वादकाचा हात यात आखडला तर रचना ठोकळ्यासारखी ऐकू येते, हात सैल राहिला तर ती सरसरत जाते. हाताचा सैलपणा आणि संगीताचा स्वभाव यांत इथे भेदच करता येत नाही.

वादाला आजचे रूप दिले ते ध्वनिमुद्रणाने. आर्टुर श्नाबेल याने १९३२ ते १९३५ या काळात लंडनमध्ये बेटोफेनचे सर्व ३२ सोनाटा पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचे संगीत मावत असे आणि मधला एखादा सूर दुरुस्त करण्याची सोय नव्हती. फार तर ती सबंध बाजू पुन्हा वाजवायची. ‘हामरक्लाविअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोनाट्याच्या पहिल्या भागासाठी बेटोफेनने लिहिलेली गती इतकी जलद आहे, की बहुतेक वादक ती बाजूला ठेवतात. श्नाबेल तिच्या जवळ जाण्याचा प्रयत्न करतो आणि त्या प्रयत्नात कित्येक सूर सांडतात. शोपँ वाजवणारा आल्फ्रेद कोर्तो याच्या तबकड्यांतही चुकीचे सूर विपुल आहेत. त्या काळच्या श्रोत्यांना याचे विशेष वाटत नसे, कारण मैफलीतही ते असेच ऐकत असत.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत आली आणि निरनिराळ्या वेळी वाजवलेले तुकडे कापून जोडता येऊ लागले. निर्दोष वादन घरोघरी पोहोचले, आणि तेच वादन समोर बसून ऐकायला मिळावे अशी अपेक्षा मैफलीला येणाऱ्यांची झाली. पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ मैफलींतील १२ वर्षांच्या अनुपस्थितीनंतर ९ मे १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परतला तो प्रसंग याचे बोलके उदाहरण आहे. बुसोनीने पियानोसाठी रूपांतरित केलेल्या बाखच्या रचनेच्या सुरुवातीलाच त्याच्याकडून चुकीचा सूर लागला. पुढे रॉबर्ट शूमानच्या ‘फँटसी’मध्ये दुसऱ्या भागाच्या शेवटी, जिथे दोन्ही हातांना विरुद्ध दिशांनी एकाच वेळी लांब उड्या घ्यायच्या असतात, तिथेही सूर निसटले. या मैफलीची जी तबकडी बाजारात आली तिच्यात दुरुस्त्या केलेल्या होत्या. जसेच्या तसे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले ते २००३ मध्ये, वादकाच्या मृत्यूनंतर १४ वर्षांनी. दोन्ही ऐकले तर दुरुस्त केलेले अधिक चांगले आहे असे म्हणणे अवघड जाते, कारण शूमानच्या त्या उड्यांत धोका हाच संगीताचा आशय आहे आणि न चुकलेली उडी फितीवर जोडून दिली की धोका नाहीसा होतो.

स्पर्धांनी दुसरा दाब आणला. वॉर्सा येथे १९२७ पासून भरणाऱ्या शोपँ स्पर्धेत १९६० साली १८ वर्षांचा माउरित्सिओ पोलिनी पहिला आला, तेव्हा परीक्षकांमधील आर्टुर रुबिनस्टाइन यांनी त्याच्या तांत्रिक प्रभुत्वाची जाहीर वाखाणणी केली, आणि ही स्तुतीच पुढे आयुष्यभर त्याच्याविरुद्ध वापरली गेली. १९७२ च्या सुमारास त्याने केलेले शोपँच्या एत्यूदचे ध्वनिमुद्रण अचूकतेचा मानदंड मानले जाते आणि त्याच कारणाने थंड म्हणून नाकारलेही जाते. हे नाकारणे घाईचे आहे. पोलिनीच्या हाताखाली आतल्या आवाजांतील सुरांच्या टकरा लख्ख ऐकू येतात, शोपँने ज्या कठोरपणे या रचना बांधल्या तो कठोरपणा उघडा पडतो, आणि त्यातून जाणवणारी निष्ठुरता ही भावनाच आहे, भावनेचा अभाव नव्हे. हळवेपणा दिसला नाही म्हणजे काही सांगितलेच नाही, असे मानण्याची सवय ऐकणाऱ्यांनाच जडलेली असते.

त्याच स्पर्धेत १९८० साली इव्हो पोगोरेलिच अंतिम फेरीपूर्वी बाद झाला आणि १९६५ ची विजेती मार्ता आर्गेरिच हिने निषेध म्हणून परीक्षकपद सोडले. पोगोरेलिचची बोटे कोणालाच कमी वाटली नव्हती. वाद होता तो त्याने लयीशी आणि लिखित खुणांशी घेतलेल्या स्वातंत्र्याविषयी. व्हिएतनामचा डांग थाय सोन त्या वर्षी विजयी झाला आणि त्याचे तरल, संयत वादन त्या सन्मानाला पात्रच होते, परंतु गुणांच्या पद्धतीचा स्वभाव त्या घटनेतून स्पष्ट झाला. अनेक परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढली, की काहींना थोर आणि काहींना असह्य वाटणारा वादक सर्वांना ठीक वाटणाऱ्या वादकाच्या मागे पडतो. अमेरिकन संशोधक ब्रूनो रेप यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनेक वादनांतील कालमापनाची सरासरी काढून एक कृत्रिम वादन तयार केले. श्रोत्यांनी त्याला दर्जासाठी चांगले गुण दिले आणि वेगळेपणासाठी कमी. निकोप, समतोल, आणि कोणाचेच नसलेले असे वादन स्पर्धांना साहजिकच सोयीचे ठरते. त्यातही परीक्षा कानांनीच होते असे नाही: संशोधक चिया-जुंग साय यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की स्पर्धांमधील ध्वनी बंद केलेली चित्रफीत पाहणारे लोक विजेता अधिक बरोबर ओळखतात, आणि नुसता ध्वनी ऐकणारे, व्यावसायिक संगीतकारांसह, त्या मानाने चुकतात. मान मागे टाकणे, डोळे मिटणे, हात हवेत तरंगत नेणे यांतून जी ‘अभिव्यक्ती’ प्रेक्षागृहात पोहोचते तिच्यातला बराचसा भाग हातोडी सुटल्यानंतरचा असतो आणि तारेला त्याची खबर नसते.

पियानोवादक स्वियातोस्लाव रिख्टर याने फेब्रुवारी १९५८ मध्ये बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे दिलेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण या सर्व चर्चेत पुन्हा पुन्हा पुढे येते. संगीतकार मुसोर्गस्कीने १८७४ मध्ये मृत चित्रकार मित्राच्या प्रदर्शनावरून रचलेली ‘चित्रप्रदर्शनातील चित्रे’ ही मालिका त्याने तिथे वाजवली. ध्वनिमुद्रण सामान्य आहे, हिवाळ्याच्या दिवसांतले श्रोते सतत खोकत आहेत आणि काही सूर उघडउघड चुकलेले आहेत. तरीही अनेक जाणकार हे या रचनेचे सर्वश्रेष्ठ वादन मानतात, आणि भावनेने तंत्रावर मात केल्याचा पुरावा म्हणून त्याचा दाखला दिला जातो. त्याच संध्याकाळी रिख्टरने लिस्टची ‘फ फोले’ही वाजवली होती. ती त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात आहे: बेफाम वेगात, इतक्या हलक्या हाताने आणि इतकी समसमान, की नंतरच्या पिढ्यांतील वादक तंत्राच्या शुद्धतेचा नमुना म्हणून तिच्याकडेच बोट दाखवतात. मुसोर्गस्कीच्या दांडग्या स्वरसंघातांत सूर सांडू देणारा आणि लिस्टच्या दिव्यांना धक्का न लावणारा माणूस एकच होता, वाद्यही तेच होते, आणि दोन्ही ठिकाणी त्याने त्या त्या रचनेला जे लागत होते तेच दिले होते.